एक संगणक, चार माणसे, परवाने किती?

शाळेच्या कार्यालयात संगणक बहुधा एकच असतो. सकाळी लिपिक त्यावर पगारपत्रक करतात, दुपारी पर्यवेक्षक वेळापत्रक टंकतात, परीक्षेच्या दिवसांत शिक्षक गुणपत्रके करायला बसतात. या संगणकावरील लेखनाच्या आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे परवाने किती घ्यावेत? रिक्षात एक बसो की तीन, भाडे तेवढेच. एसटीत मात्र प्रत्येकाचे तिकीट वेगळे. सॉफ्टवेअर रिक्षासारखे की एसटीसारखे? या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले आहे.

१९६० च्या दशकात हा प्रश्नच उद्भवत नव्हता. संगणक खोलीभर मोठे आणि फार महाग. एमआयटी या अमेरिकन संस्थेत १९६१ मध्ये एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत दाखवण्यात आली. पण तेथे मोजायचा तो यंत्राचा वेळ. आयबीएम कंपनी बहुतेक आज्ञावल्या यंत्राबरोबरच देई, त्यांची वेगळी किंमत नसे. २३ जून १९६९ रोजी तिने ही किंमत वेगळी करण्याचे जाहीर केले. तेव्हापासून सॉफ्टवेअर ही स्वतंत्र विकाऊ वस्तू म्हणून रुजू लागली.

पण ही वस्तू विचित्र होती. तिची नक्कल करायला जवळजवळ खर्च येत नाही आणि मूळ प्रतही जागच्या जागी राहते. छोटे संगणक घरोघरी येऊ लागताच नकलाही पसरल्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना खुले पत्र लिहून याबद्दल तक्रार केली. पुढे कायदा आला. अमेरिकेने १९८० मध्ये, तर भारताने १९८४ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावलीला कॉपीराइटचे संरक्षण दिले. आपल्या कायद्यात ती चक्क ‘साहित्यकृती’ ठरली!

बाजारात ‘एक परवाना, एक यंत्र’ ही रीत रूढ झाली. बोरलँड कंपनीने १९८० च्या दशकात सोपी उपमा दिली: सॉफ्टवेअर पुस्तकासारखे वापरा. ते कोणीही, कोठेही वापरावे. मात्र एकच प्रत एकाच वेळी दोन ठिकाणी वापरात नसावी. यांपैकी कोणत्याही नियमाने आपल्या कार्यालयाला एकच परवाना पुरे.

इंटरनेट आल्यावर मोजमाप बदलले. मायक्रोसॉफ्टने जून २०११ मध्ये ‘ऑफिस ३६५’ वर्गणीवर सुरू केले. तेथे परवाना माणसाच्या नावावर असतो. म्हणजे संगणक एकच असला, तरी चौघांना चार परवाने लागतात. एकदाच पैसे भरून घ्यायच्या आवृत्त्या मात्र आजही संगणकामागे मोजल्या जातात. तिसरी वाट रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीची. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘लिबरऑफिस’चा परवाना यंत्रेही मोजत नाही आणि माणसेही.

यातून काय दिसते? दुकानातून आपण सॉफ्टवेअर ‘विकत’ आणतो असे म्हणतो, पण हाती पडते ती केवळ वापराची परवानगी. काय मोजायचे हे यंत्र ठरवत नाही, माणसे ठरवतात. म्हणून खरेदीपूर्वी मुख्याध्यापकांनी किमतीच्या आधी परवान्याचा कागद वाचावा: मोजणी यंत्राची आहे की माणसाची? आणि वर्गातही विचारून पाहावे: ग्रंथालयातील एक पुस्तक चाळीस मुले वाचतात, तेव्हा पुस्तके किती विकत घ्यावी लागतात?