गादी, दाब आणि कूस : रुग्णशय्येचा साडेचारशे वर्षांचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, की गादीला कसला आलाय इतिहास? प्रश्न रास्त आहे. पण ज्यांच्या घरात कोणी महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून आहे, ते हा प्रश्न विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न वेगळा असतो. एअर बेड आणला, महागाचा आणला, तरी जखम कशी झाली? या प्रश्नाचं उत्तर इतिहासात सापडतं, म्हणून आज तिकडे वळू या.

आधी थोडं शरीराबद्दल. निरोगी माणूस झोपेतसुद्धा एका जागी पडून राहत नाही. रात्रीत अनेकदा कूस बदलतो आणि सकाळी त्याला त्याचा पत्ताही नसतो. अर्धांगवायू झालेल्या, मणक्याला मार बसलेल्या किंवा फार अशक्त झालेल्या माणसाला हे जमत नाही. मग माकडहाडाचा भाग, खुबे, टाचा अशा ठिकाणी हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये मांस चेपलं जातं. बारीक रक्तवाहिन्या मिटतात, रक्त पोचत नाही, आणि तिथलं मांस मरू लागतं. वरून दिसतो तो फक्त लाल डाग. आत, हाडालगत, पुष्कळदा आधीच नुकसान झालेलं असतं. याला मराठीत शय्याव्रण म्हणतात. घरोघरी बेडसोअर हाच शब्द चालतो.

आता जुन्यात जुन्या नोंदींपैकी एक बघू. 1569 साली आंब्रुआझ पारे या फ्रेंच शल्यवैद्याला एका सरदाराकडे नेण्यात आलं. गुडघ्याजवळ गोळी लागून तो कित्येक महिने पडून होता, आणि ढुंगणावर मोठा व्रण झाला होता. पारेने अंथरूण-पांघरूण स्वच्छ करायला लावलं, खाणंपिणं सुधारलं, आणि व्रणाची जागा अधांतरी राहावी म्हणून पिसांची मऊ उशी करवून घेतली. झोप येईना म्हणून उंचावरून भांड्यात पाणी सोडून पावसासारखा आवाजसुद्धा करवला! म्हणजे त्या जागेवर भार नको, हे त्याला पक्कं कळलेलं होतं. पण ही एका श्रीमंताची सोय होती. त्यातून सगळ्या रुग्णांसाठी काही निघालं नाही.

ते निघायला 1832 साल उजाडावं लागलं. लंडनमध्ये नील आर्नट नावाचे स्कॉटिश डॉक्टर होते. पदार्थविज्ञानावर त्यांचं लोकप्रिय पुस्तक होतं. बाळंतपणानंतर तापाने खंगलेली त्यांची एक रुग्ण होती; तिला कुठल्याच कुशीवर पडवत नव्हतं, जखमा चिघळत होत्या. आर्नटनी विचार केला, की पाण्यावर तरंगणाऱ्या माणसाला कुठेच टोचत नाही, कारण पाणी सगळीकडून सारखा आधार देतं. मग माणसाला न भिजवता तरंगवता येईल का? त्यांनी एक लांब पेटी घेतली, तिच्यात पाणी भरलं, वरून रबरी कापड सैल सोडून कडेला घट्ट बसवलं, आणि त्यावर पातळ गादी घातली. रुग्ण त्यावर निजली आणि तिला झोप लागली. पुढे जखमाही भरत आल्या.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. आर्किमिडीजचा सिद्धान्त दोन हजार वर्षं जुना होता, पण पाणी न झिरपू देणारं रबरी कापड मॅकिंटॉशने 1823 मध्ये पेटंट केलेलं. सामान हाताशी आलं आणि नऊ वर्षांत गादी झाली. आणि दुसरं म्हणजे, आर्नटनी आपल्या गादीचं पेटंट घेतलं नाही. ज्याला हवी त्याला ती बनवता यावी, ही त्यांची इच्छा. एलिझाबेथ गॅस्केल यांच्या ‘नॉर्थ अँड साउथ’ या 1855 च्या कादंबरीतली नायिका आजारी आईसाठी पाण्याची गादी उसनी मागायला गिरणीमालकाच्या घरी जाते, आणि तिथेच संपकऱ्यांच्या दंगलीत सापडते. म्हणजे वीस-बावीस वर्षांत ही वस्तू वाचकांच्या ओळखीची झालेली होती.

मग प्रश्न सुटला का? नाही. ती पेटी अतिशय जड, पाणी गार पडायचं, रबर चिरायचं. पण खरी अडचण वेगळी होती. ही जखम मुळात का होते, यावरच एकमत नव्हतं.

पॅरिसमधले मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांची बाजू अशी, की मेंदू किंवा मज्जारज्जू बिघडला की त्वचेचं पोषणच बिघडतं आणि जखम होते. काही जखमा तर मृत्यूची खूण असतात, असं ते सांगत. शार्को हे फार मोठं नाव होतं. वास्तविक त्यांच्याआधी, 1850 च्या दशकात, ब्राऊन-सेकार यांनी मज्जारज्जू कापलेल्या प्राण्यांवर दाखवलं होतं, की दाब आणि ओल टाळली तर जखम होत नाही. पण मोठ्या नावापुढे ते मागे पडलं. जखम अटळच असेल, तर गादीवर आणि माणसांवर खर्च कशाला करायचा?

दुसरी बाजू फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची. 1859 च्या सुमारास आलेल्या त्यांच्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात त्यांनी जबाबदारी आजारावरून काढून सेवा करणाऱ्यांवर टाकली. हे मोठं पाऊल होतं, कारण जखम टाळता येते हे त्यात गृहीत होतं. पण त्याची दुसरी बाजूही आहे. जखम झाली की नर्सला बोल लावायचा, घरात असेल तर सुनेला बोल लावायचा, ही सवयही त्यातूनच बळावली. एका नर्सकडे रात्री किती रुग्ण आहेत, हे कोणी मोजेना.

पहिल्या महायुद्धात याची किंमत दिसली. मणक्याला इजा झालेले बहुतेक सैनिक थोड्या काळात दगावले. मारलं ते गोळीने नव्हे, तर जखमा आणि लघवीच्या मार्गातला संसर्ग यांनी. दुसऱ्या महायुद्धात, 1 फेब्रुवारी 1944 रोजी, इंग्लंडमधल्या स्टोक मॅन्डेव्हिल इथे लुडविग गुटमन यांनी मणक्याच्या रुग्णांचा विभाग सुरू केला. गुटमन हे नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून आलेले ज्यू डॉक्टर. त्यांनी प्लास्टरचे साचे काढून टाकले, उशा आणि रबरी ठोकळे वापरले, आणि नियम घालून दिला : दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, प्रत्येकाची कूस बदलायची. त्यासाठी माणसं नेमली, वेळा लावल्या. नशीब आणि दोष हे दोन्ही शब्द बाजूला ठेवून त्यांनी ते काम व्यवस्थेचं केलं, असं आम्हाला वाटतं. रुग्ण जगू लागले. इतके जगले, की 1948 साली त्यांच्यासाठी खेळांच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक आलं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले; 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. पुण्याजवळ खडकीला अशा सैनिकांसाठीचं पुनर्वसन केंद्र 1974 पासून आहे. ही वाट स्टोक मॅन्डेव्हिलच्या वॉर्डातून आलेली आहे.

आता अभियंत्यांकडे येऊ. त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. एक, भार जास्तीत जास्त जागेवर पसरवायचा. पाणी, फोम हे या वाटेचे. दुसरा, भाराची जागा सारखी बदलत राहायची. 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हवेच्या कप्प्यांची गादी आली, ज्यात पंपाने एकाआड एक कप्पे फुगतात आणि बसतात. याला शास्त्रीय आधार मिळाला तो 1959 ते 1961 या काळात मायकेल कोसिआक यांच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांतून. थोडा दाब फार वेळ आणि फार दाब थोडा वेळ, दोन्ही घातक ठरतात. पण तोच दाब दर काही मिनिटांनी हटवला, तर नुकसान पुष्कळच कमी होतं. दाबाइतकाच वेळ महत्त्वाचा, हे त्यांनी आकड्यांत मांडलं.

मग कल्पनांना ऊत आला. इंग्लंडमध्ये जॉन स्केल्स यांनी हॉवरक्राफ्टचं तत्त्व वापरून भाजलेल्या रुग्णांना हवेवर अक्षरशः उचलून धरलं. अमेरिकेत चार्ल्सटन इथे टॉमस हार्जेस्ट यांनी काचेच्या अतिसूक्ष्म मण्यांतून हवा सोडली. मणी द्रवासारखे वागू लागतात, आणि हवा बंद केली की पलंग घट्ट होतो. आर्नटचंच स्वप्न ते, फक्त पाणी वगळून. 1966 साली नासाच्या विमानांतल्या आसनांसाठी तयार झालेला फोमही पुढे इस्पितळांत पोचला.

आणि तरीही 1962 साली डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने वृद्धांच्या वॉर्डांत केलेल्या अभ्यासातून दिसलं ते साधंच होतं : मलमं-लोशनं लावून फारसं साधत नाही, वेळेवर कूस बदलल्याने साधतं. 2019 साली ब्रिटनमधल्या 2029 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. एकीकडे पंपाची गादी, दुसरीकडे चांगल्या प्रतीचा साधा फोम. पंपाची गादी किंचित सरस दिसली, पण फरक इतका लहान की ठाम काही म्हणता येईना. साध्या इस्पितळी गादीपेक्षा चांगला फोम नक्की बरा. पण महाग यंत्र म्हणजे जखमेपासून सुटका, असं त्यातून निघत नाही.

आता आपल्या घरातलं बोलू. पुण्या-मुंबईत एअर बेड भाड्याने मिळतो. तो आणला जातो, आणि मग त्यावर गोधडी, त्यावर रबरी कापड, त्यावर जुन्या साडीची चौपदरी घडी! कप्पे खाली फुगतात, वर काहीच पोचत नाही. गादीवर एकच सैल चादर पुरे. कमरेखाली, गादी आणि पलंग यांच्यामध्ये, हात उताणा घालून बघा. वर सुमारे एक इंच फुगलेली गादी लागली पाहिजे. हाड लागत असेल तर माणूस पलंगावरच निजलेला आहे. वीज गेली की हवा उतरते, हेही ध्यानात ठेवा. रबरी रिंग वापरू नका, तिची कड भोवतीचा रक्तपुरवठा तोडते. लाल डाग स्पिरिट लावून चोळू नका. आणि पलंगाचं डोकं फार उंच ठेवलं की माणूस खाली घसरतो. त्या घसरण्यात कातडी मागे राहते, हाड पुढे जातं, आणि आतल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात.

कूस कोणी बदलायला लागू नये, अशी गादी करण्याची आशा आर्नटपासून प्रत्येकाला होती. तशी गादी अजून झालेली नाही. चांगली गादी दोन वेळांमधलं अंतर थोडं वाढवते, जखमेची शक्यता कमी करते, आणि तेवढ्यासाठी ती जरूर घ्यावी. पण दुकानदार जी किंमत सांगतो त्यात रात्रीच्या जागरणाची किंमत नसते. ती बहुतेक वेळा घरातली एकच बाई भरत असते, आणि जखम झाली तर बोलही तिलाच लागतो. तेव्हा गादी कुठली घ्यायची हे ठरवायला घर जमेल, त्याच बैठकीत रात्री दोन वाजता कोण उठणार आणि चार वाजता कोण, हेही ठरवावं, आणि कागदावर लिहून भिंतीला लावावं. गुटमननी वॉर्डात वेळा लावून दिल्या होत्या, त्या घरातही लावता येतात.