जावासाठी आयडीई निवडताना

सुरतेतील लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत कापड उद्योगाच्या निमित्ताने खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत. तेथे महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. अशा घरातील विद्यार्थी संगणकशास्त्राकडे वळला, की जावा या भाषेशी त्याची पहिली गाठ बहुधा गुजरात मंडळाच्या बारावीच्या संगणक विषयात पडते. त्या पाठ्यपुस्तकातील प्रोग्राम उबुंटुवर, साइट नावाच्या साध्या संपादकात लिहिलेले आहेत. पुढे वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात बीसीएला प्रवेश घेतला, की प्रयोगशाळेत एक्लिप्स किंवा नेटबीन्स समोर येते आणि नोकरीच्या जाहिरातीत इंटेलिजे आयडिया. तीन टप्प्यांवर तीन निरनिराळी साधने, आणि घरी मात्र एकच, बहुधा जुना लॅपटॉप. गोव्यातील विद्यार्थ्याचे पाठ्यपुस्तक वेगळे असले, तरी त्याच्यापुढचा पेच याहून फारसा निराळा नाही.

आयडीई म्हणजे जावा नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे. जावाचा प्रोग्राम हा मुळात साधा मजकूर असतो. जावासी हा संकलक त्याचे बाइटकोडमध्ये रूपांतर करतो आणि जावा व्हर्च्युअल मशीन तो बाइटकोड चालवते. ही दोन्ही जेडीकेमध्ये असतात. मजकूर लिहिणे, संकलन, चुका शोधणे आणि फायलींची व्यवस्था ही कामे एका छताखाली आणणारे साधन म्हणजे आयडीई. साइटला आयडीई म्हणता येत नाही. तो केवळ संपादक आहे आणि संकलन व अंमलबजावणीच्या आज्ञा त्याच्या मेन्यूत जोडलेल्या आहेत. परंतु नवशिक्याच्या दृष्टीने हे उणेपण नाही. पब्लिक वर्गाचे नाव आणि फायलीचे नाव एकच असावे लागते, अर्धविराम सुटला तर संकलक कोणत्या ओळीवर बोट ठेवतो, हे त्याला स्वतः पाहावे लागते. आयडीई तीच चूक आधीच लाल रेषेने दाखवते आणि अर्धी आज्ञा लिहिताच उरलेली स्वतः सुचवते. या सोयीवर वाढलेला विद्यार्थी कागदावरच्या परीक्षेत ओळ आठवत बसतो. पहिले काही आठवडे साध्या संपादकात काढण्याचा आग्रह धरणारे शिक्षक जुनाट वाटतात, पण त्यांचे म्हणणे रास्त आहे.

त्यानंतरची निवड कीर्तीपेक्षा यंत्राच्या ताकदीवर करावी. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर विंडोज व ब्राउझर उघडे असताना इंटेलिजे सुरू केले, तर प्रत्येक अक्षर उमटायला वेळ लागतो. त्यासाठी आठ जीबी असलेलेच यंत्र सोयीचे. संथ यंत्राचा दोष विद्यार्थी स्वतःच्या बुद्धीला लावतो, आणि जावा आपल्याला जमणार नाही असा समज करून घेतो. हे नुकसान साधनाच्या कोणत्याही गैरसोयीहून मोठे आहे.

अशा यंत्रासाठी ब्लूजे उत्तम. मायकेल कोलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शिकवण्यासाठीच घडवले असून आयसीएसई शाळांमध्ये ते परिचित आहे. वर्ग चौकटींच्या रूपाने दिसतात, वस्तू माउसने निर्माण करून तिची मेथड तेथल्या तेथे चालवून पाहता येते. विंडोजवर त्याच्यासोबत जेडीकेही येते. मात्र मोठ्या प्रकल्पासाठी ते नाही, आणि कोणी तसा दावाही केलेला नाही.

एक्लिप्सचा उगम आयबीएममधला. २००१ मध्ये ते मुक्त स्रोत झाले आणि २००४ पासून एक्लिप्स फाउंडेशनकडे आहे. त्याची एक सवय नवशिक्याला हमखास गोंधळात टाकते. एक्लिप्स जावासीऐवजी स्वतःचा संकलक वापरते आणि प्रोग्राममध्ये चूक असतानाही, एकदा विचारून, तो चालवू देते. सदोष भागापर्यंत प्रोग्राम ठीक चालतो आणि तेथे कोसळतो. विचारणा न वाचता होकार देणाऱ्याला वाटते, चूक चालवताना झाली. वास्तविक ती संकलनाची असते.

नेटबीन्स १९९६ मध्ये प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मले, पुढे सनकडे, तेथून ओरॅकलकडे आणि आता अपाची फाउंडेशनकडे आले आहे. खिडक्या आणि बटणे ओढून बसवण्याची त्याची सोय स्विंगच्या प्रात्यक्षिकांसाठी आजही आकर्षक आहे. अडचण पुढे येते. या सोयीने तयार झालेला कोड संपादकात संरक्षित राहतो आणि मांडणी वेगळ्या फॉर्म फायलीत साठते. असा प्रकल्प एक्लिप्समध्ये नेला, तर कोड चालतो, पण खिडकी पुन्हा ओढूनसोडून बदलता येत नाही.

इंटेलिजे आयडिया ही जेटब्रेन्सची निर्मिती २००१ ची. कोडचा अर्थ ओळखून सुचवण्या देण्यात आणि नावे सर्वत्र एकदम बदलण्यात तिचा हात धरणारी दुसरी आयडीई सापडणे कठीण. जावाच्या मूलभूत अभ्यासासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. यंत्र पेलत असेल आणि नोकरीचा विचार असेल, तर शेवटच्या वर्षापर्यंत हिची सवय करून घेणे हिताचे. अँड्रॉइड स्टुडिओही हिच्याच पायावर उभा आहे. मात्र अँड्रॉइडसाठी गुगलने २०१९ पासून कोटलिनला अग्रक्रम दिला आहे, हे ध्यानात ठेवावे.

व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा २०१५ पासूनचा मायक्रोसॉफ्टचा संपादक. जावासाठी त्याला वेगळे विस्तार जोडावे लागतात आणि त्यांतील मुख्य विस्तार आतून एक्लिप्सचेच इंजिन वापरतो. एक्लिप्स जड वाटले म्हणून इकडे येणाऱ्याने तेवढ्या हलकेपणाची अपेक्षा ठेवू नये.

मराठीतून ऐकत शिकायचे असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील जावाची मालिका विनामूल्य उपलब्ध आहे. ती एक्लिप्स वापरून तयार केली आहे. आवृत्ती जुनी असल्याने पडद्यावरची चित्रे आजच्या एक्लिप्सशी तंतोतंत जुळणार नाहीत, पण भाषेचे पाठ तेच आहेत. इंग्रजी माध्यमाशी झगडणाऱ्याला एवढ्या एका कारणासाठी एक्लिप्स निवडणे वावगे नाही.

कोणतीही आयडीई निवडली, तरी प्रयोगशाळेत जेडीकेची कोणती आवृत्ती आहे, हे आधी विचारून घ्यावे. घरी १७ किंवा २१ वर संकलित केलेली फाइल तेथील ८ वर चालत नाही, आणि हे बहुधा प्रकल्प सादर करण्याच्या दिवशीच कळते. प्रकल्प मावेन पद्धतीने मांडला, तर एक्लिप्स, नेटबीन्स आणि इंटेलिजे तिन्हींत तो उघडतो. घर आणि प्रयोगशाळा यांची आयडीई वेगळी असल्यास हाच मार्ग सोयीचा.

मराठी विद्यार्थ्यासाठी आणखी एक बाब. जावामध्ये चलाला ‘बेरीज’ असे देवनागरी नावसुद्धा देता येते आणि टिपणे मराठीत लिहिता येतात. परंतु विंडोजवर जेडीके १८ च्या आधीच्या आवृत्त्या यूटीएफ-८ गृहीत धरत नसत. त्यामुळे मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. जुन्या एक्लिप्समध्ये फाइल जतन करतानाच अडथळा येतो. वर्कस्पेसच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट फाइल एन्कोडिंग यूटीएफ-८ केल्यावर जतन करता येते. संकलन आज्ञेच्या ओळीवरून होत असेल, तर जावासीलाही एन्कोडिंग तेच असल्याचे सांगावे लागते.