सिम्पलसीपीपी: सी प्लस प्लसला चित्रांची जोड

सी प्लस प्लस या संगणकभाषेच्या प्रमाणित संचात चित्र काढण्याची सोय नाही. त्यामुळे प्रथमच प्रोग्राम लिहिणाऱ्या विद्यार्थ्यासमोर केवळ आकडे व अक्षरे उमटतात. ही उणीव दूर करणारा सिम्पलसीपीपी हा आज्ञासंच मुंबई आयआयटीतील संगणकशास्त्राचे प्राध्यापक अभिराम रानडे यांनी अध्यापनासाठी तयार केला. त्यावर आधारित त्यांचे पाठ्यपुस्तक २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या संचाची प्रेरणा लोगो ही भाषा होय. सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आदींनी १९६७ मध्ये अमेरिकेत ती मुलांसाठी निर्माण केली. लोगोतील 'कासव' येथेही आहे. पडद्यावरील ही छोटी त्रिकोणी खूण 'फॉरवर्ड' म्हणताच रेघ ओढत पुढे सरकते, 'राइट' म्हणताच उजवीकडे वळते आणि 'रिपीट'ने तीच कृती पुन्हा करते.

समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असल्याने विद्यार्थ्याला तेवढेच वळण देण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात तीन रेघा ओढूनही आकृती उघडीच राहते, तो निघतो अर्धा षटकोन! कासव बाह्यकोनातून वळते, म्हणून १२० अंश हवेत. शिक्षकाने सांगण्यापूर्वीच चूक डोळ्यांना दिसते, हा या साधनाचा खरा लाभ मानावा लागेल.

पुढील टप्प्यात वर्तुळ, आयत, बहुभुज इत्यादी आकृत्या पडद्यावर हलविता व फिरविता येतात. माउसच्या टिचकीलाही प्रतिसाद देता येतो. मात्र 'रिपीट' ही सी प्लस प्लसची मूळ आज्ञा नव्हे. 'व्हाइल' व 'फॉर' विद्यार्थ्याला शिकावेच लागतात.