खिशातली चिठ्ठी

माझ्या आजीच्या माहेरी एक जुनी वंशावळ आहे. जाड कागदावर बोरूने लिहिलेली. मुलींची नावं तिच्यात नाहीत, ती पूर्वी लिहीतच नसत. मुलांच्या नावांपुढे मात्र जन्माचं आणि मृत्यूचं साल आहे. एकाच नावापुढे जागा कोरी आहे. तो आजीचा धाकटा भाऊ. निपाणीला नाटक कंपनीचा मुक्काम पडला होता. महिनाभराने कंपनीचं सामान गाड्यांवर चढलं आणि त्यांच्याबरोबर हाही गेला. सोळा-सतराचा असेल. पुढे हुबळीहून एक पोस्टकार्ड आलं, त्यावर उलट पत्ता नव्हता. मग काहीच नाही.

आजी सांगायची, तिची आई दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची आणि एक भाकरी झाकून ठेवायची. रात्री आमच्या घरात कुणी जेवत नाही, तरीही ठेवायची. कुणी "हरवला" म्हटलं की रागवायची. म्हणायची, "हरवला नाही गं, गेलाय. गेलेलं माणूस येतंय."

हा कागद मला पुन्हा आठवला तो अमेरिकेतल्या एका मुलाची हकिगत वाचली तेव्हा. तोही असाच गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या मागे गेला होता. पण त्याच्या नावापुढची जागा वीस वर्षांनी का होईना, भरली गेली. ती कशी भरली, आणि एवढी वर्षं कोरी का राहिली, हे आपण बायकांनी समजून घेण्यासारखं आहे.

त्या वाद्यवृंदाचं नाव 'ग्रेटफुल डेड'. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी काही तरुणांनी तो काढला. जेरी गार्सिया हा त्यांचा मुख्य गिटारवादक. आधीचं नाव बदलायचं ठरलं तेव्हा गार्सियाने एक शब्दकोश उघडला आणि हे दोन शब्द त्याच्या नजरेस पडले. शब्दशः अर्थ 'कृतज्ञ मृत'. युरोपात आणि इतरत्रही सापडणाऱ्या एका जुन्या लोककथेचं ते नाव आहे. एक वाटसरू परक्या गावात येतो. तिथे एक प्रेत बेवारस पडलेलं असतं. मेलेल्याचं कर्ज फिटलेलं नाही म्हणून कुणी त्याला मूठमाती देत नाही. वाटसरू स्वतःजवळचे पैसे देऊन ते कर्ज फेडतो, प्रेताचे संस्कार करतो आणि पुढे निघतो. पुढच्या वाटेवर एक अनोळखी सोबती त्याला भेटतो, संकटातून सोडवतो. तो सोबती म्हणजे त्या मेलेल्याचाच आत्मा. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

हे लोक तीस वर्षं गावोगाव फिरून वाजवत राहिले. तेवीसशेच्या वर कार्यक्रम केले. आज वाजवलं तेच उद्या वाजवायचं नाही, अशी त्यांची रीत. त्यामुळे एक कार्यक्रम ऐकून रसिकांचं भागत नसे. तरुण मुलंमुली जुन्या व्हॅन घेऊन एका शहरातून दुसऱ्या शहरात त्यांच्या मागे फिरू लागली. त्यांना 'डेडहेड' म्हणत. श्रोत्यांनी गाणी टेप करून घ्यायला या मंडळींची मनाई नव्हती, उलट १९८४ पासून तशी वेगळी जागाच राखून ठेवलेली असे. त्या कॅसेटी मुलं एकमेकांत बदलून घेत, विकत नसत.

कार्यक्रमाबाहेरच्या मोटारी लावायच्या मैदानात दरवेळी एक जत्राच भरायची. कुणी रंग उडवलेले, बांधणीसारखे दिसणारे टी-शर्ट विकतंय, कुणी तव्यावर चीज घातलेलं सँडविच भाजून देतंय. त्या पैशांत पुढच्या गावचं पेट्रोल आणि तिकीट सुटायचं. ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे नसत तो एक बोट वर करून उभा राहायचा, म्हणजे कुणी फुकट तिकीट देता का. आणि देणारे देतही. नशेचे पदार्थही तिथे होते, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण नशेपासून लांब राहणाऱ्यांचाही एक गट तिथेच पिवळे फुगे लावून बसायचा, एकमेकांना सांभाळायचा. अशा वस्तीत आडनाव कुणी विचारत नाही. कुठल्या गावचा, कुणाचा, हे प्रश्न आपल्याकडे पाण्याच्या तांब्याबरोबर येतात. तिथे ते न विचारणं हाच आदर होता. घरातून निघालेल्या मुलाला तेच तर हवं असतं.

१९९५ च्या जूनमध्ये २४ आणि २५ तारखेला वॉशिंग्टनच्या आर. एफ. के. स्टेडियममध्ये त्यांचे दोन कार्यक्रम झाले. दुसऱ्या दिवशी, २६ जूनला, तिथून बरंच दक्षिणेला, व्हर्जिनिया राज्यातल्या एम्पोरिया गावाजवळ एक फोक्सवॅगन व्हॅन रस्ता सोडून झाडांवर आदळली. आत दोघे होते, दोघेही गेले. चालवणाऱ्याची ओळख पटली, तो एकवीस वर्षांचा होता. त्याला झोप लागली असावी असा अंदाज. शेजारी बसलेला मुलगा कोण, हे मात्र कळेना. चालवणाऱ्याच्या घरच्यांनाही तो माहीत नव्हता. वाटेत बसवून घेतलेला असेल, असं सगळे समजले.

त्याच्या अंगावर ग्रेटफुल डेडचा टी-शर्ट होता. दंडावर घरीच गोंदल्यासारखं पुसट गोंदण. खिशात थोडी नाणी, त्या दोन कार्यक्रमांच्या तिकिटांचे तुकडे आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत एका मुलाच्या पहिल्या नावाने हाक होती. आम्हाला निघावं लागतंय, माफ कर, पुन्हा भेटूच, फोन कर, असा मजकूर. खाली एकाच नावाच्या दोन मुलींची सही, आणि एक नंबर. ओळखपत्र नाही, पाकीट नाही.

पोलिसांना वाटलं, चिठ्ठीवरून उलगडेल. पण ती चिठ्ठी त्यालाच लिहिलेली कशावरून? मैदानात पडलेली त्याने उचललेली नसेल कशावरून? आणि तसलं पहिलं नाव तिथे गल्लोगल्ली. आडनावाशिवाय ते कुठे शोधायचं? चेहऱ्याला अपघातात इजा झालेली, त्यामुळे फोटो दाखवूनही फारसा उपयोग नव्हता. चेहरा कसा असेल याची चित्रं नंतर करण्यात आली. अमेरिकेत बेवारस पुरुषाला सरकारी कागदात 'जॉन डो' म्हणतात. वाद्यवृंदाच्या नावावरून लोकांनी या मुलाचं नाव पाडलं 'ग्रेटफुल डो'.

त्याच वर्षी ९ ऑगस्टला जेरी गार्सिया वारला. डिसेंबरात बाकीच्यांनी वाद्यवृंद बंद केल्याचं जाहीर केलं. मागे फिरणाऱ्यांची वस्ती उठली, ज्याची त्याची मुलं ज्याच्या त्याच्या घरी परतली. जिचा परतला नाही तिने विचारायचं कुणाला?

इथे त्याची आई येते. ती साउथ कॅरोलिना राज्यात होती. मुलगा एकोणीस वर्षांचा, म्हणजे कायद्याने सज्ञान, आणि आपण होऊन वाद्यवृंदाच्या मागे निघालेला. तो कुठल्या गावातून दिसेनासा झाला हेच तिला माहीत नव्हतं, मग तक्रार कुठल्या गावच्या पोलिसांकडे द्यायची? अमेरिकेत गावोगावचं पोलीस खातं वेगळं, अशा लहानमोठ्या मिळून सुमारे अठरा हजार यंत्रणा आहेत. तिने तक्रार दिली ती एकदम २०१५ च्या जानेवारीत.

म्हणजे बघा, वीस वर्षं एका राज्यात नाव नसलेला देह होता आणि दुसऱ्या राज्यात देह नसलेलं नाव. दोन्हींच्या मध्ये एक कागद कमी होता. हरवलेल्यांची नोंद आणि बेवारस मृतांची नोंद एकमेकींशी ताडून पाहता येईल अशी देशभराची व्यवस्था अमेरिकेत २००९ च्या सुमारास उभी राहिली. पण ताडून पाहायला दोन्ही बाजूंनी काहीतरी लिहिलेलं हवं.

शेवटी काम केलं ते परक्या माणसांनी. या मुलाला नाव मिळावं म्हणून काही लोक वर्षानुवर्षं आपापल्या घरी बसून शोध घेत होते. त्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. त्यांनी चिठ्ठी, तिकिटं, चेहऱ्याची चित्रं पुन्हा पुन्हा लोकांपुढे ठेवली. त्याच्याबरोबर काही काळ एका घरात राहिलेल्या कुणीतरी ती पाहिली आणि आपल्याजवळचे जुने फोटो पुढे केले. दाट कुरळ्या केसांचा, हसरा मुलगा. ते फोटो फिरत फिरत घरच्यांपर्यंत पोचले. मग रक्ताच्या नात्याची डीएनए तपासणी झाली आणि २०१५ च्या डिसेंबरात ओळख पक्की ठरली. चिठ्ठीतलं नाव त्याचंच होतं. मुली त्यालाच "पुन्हा भेटू" म्हणाल्या होत्या.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्याच्या आईला परत मिळालं, तेवढं पुरे.

ही हकिगत मी आमच्या भिशीत सांगितली तेव्हा पहिला प्रश्न आला तो हाच, "आई कसली म्हणायची? वीस वर्षं तक्रार नाही?" मला तो प्रश्न लागला. कारण मला भाकरी झाकून ठेवणारी आठवली. तिनेही तक्रार दिली नव्हती. घराची अब्रू जाईल, पोरींची लग्नं अडतील, नाटकवाल्यांत गेला म्हणून पंचक्रोशी हसेल, ही कारणं होतीच. पण त्याच्या खाली आणखी एक कारण होतं. तक्रार देणं म्हणजे "गेलाय" सोडून "हरवलाय" म्हणणं. ते म्हटलं की झाकलेल्या भाकरीला अर्थ उरत नाही. त्या अमेरिकन बाईच्या मनात काय होतं ते तिचं तिला ठाऊक. पण तिला नावं ठेवायचा अधिकार मला नाही, एवढं मी आमच्या घरावरून सांगू शकते.

आणि नाटकाच्या वेडात जाणाऱ्यांचाही दोष किती? आपल्या या भागाला तर ते वेड मुळातच होतं. १८८० साली पुण्यात संगीत 'शाकुंतल' उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. केशवराव भोसले लहानपणीच कंपनीत गेले आणि १९०८ साली हुबळीत त्यांनी 'ललितकलादर्श' काढली. ज्यांचं नाव झालं त्यांना आपण "कलेसाठी घर सोडलं" म्हणतो. ज्यांचं झालं नाही त्यांना "पळून गेला" म्हणतो. पडदा ओढणारे, दिवटी धरणारे, सामान वाहणारे किती पोरगे कुठल्या मुक्कामावर तापाने गेले असतील, आणि कुणी त्यांना पोचवलं असेल, त्याची वंशावळ कुणी लिहिली?

आपल्या णमोकार मंत्रात एकाही माणसाचं नाव नाही, वंदन आहे ते पदांना. आठ कर्मांत 'नामकर्म' आहे, पण तेही शरीर आणि गती ठरवणारं, हाक मारायच्या नावाशी त्याचा संबंध नाही. बारा भावनांत अन्यत्व भावना सांगते की देह वेगळा, आत्मा वेगळा. मग नावासाठी एवढी धडपड कशाला, असं मीही स्वतःला विचारलं. मला वाटतं, ज्याचा देह गेला त्याला नावाची गरज नसेल. गरज मागे राहिलेल्यांना असते. नाव कळल्याशिवाय शोक करता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. दशलक्षण पर्व संपल्यावर आपण सगळ्या जीवांची क्षमा मागतो, ओळखीच्यांची आणि अनोळखींचीही. आजीची आई त्या दिवशी सगळ्यांची क्षमा मागायची आणि मग दारात जाऊन उभी राहायची. त्याची क्षमा कुठल्या दिशेला तोंड करून मागायची, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

म्हणून एक साधी गोष्ट सांगते. घरातलं माणूस, वय काहीही असो, भांडून गेलेलं असो की हसत, कुठे आहे ते कळेनासं झालं तर जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करा. चोवीस तास थांबलंच पाहिजे असा काही कायदा नाही. अठराच्या आतलं मूल असेल तर गुन्हाच नोंदवून घ्यावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. नोंदीची प्रत मागून घ्या. फोटो, अंगावरची खूण, गोंदण लिहून द्या. अब्रू जात नाही. आणि नोंद केली म्हणून वाट बघणं सोडावं लागत नाही. भाकरी झाकून ठेवायला कुणी मना करत नाही.

त्या लोककथेतला वाटसरू कुणाचा कोण नव्हता, तरी त्याने परक्या प्रेताचं कर्ज फेडलं. त्या मुलाने ज्यांच्या मागे घर सोडलं त्यांचं नाव याच गोष्टीवरून आलेलं, आणि शेवटी त्याच्या बाबतीत तीच गोष्ट घडली. परक्या माणसांनी त्याचं राहिलेलं देणं फेडलं.

गेल्या दिवाळीत मी आजीच्या माहेरी गेले होते. मामांना विचारून वंशावळीच्या त्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने तीन शब्द लिहिले. 'नाटक कंपनीबरोबर गेला.' साल माहीत नाही, ते लिहिलं नाही. मग त्याच्याशेजारी आजीचंही नाव लिहिलं.