कोंबडी सुरक्षित कोणी करायची? एका प्रश्नाची दोन उत्तरे

१/ कच्च्या कोंबडीत रोगकारक जिवाणू निघाले, तर दोष कोणाचा? ती वाढवणाऱ्याचा, कत्तलखान्याचा, सरकारचा, की नीट न शिजवणाऱ्याचा? गेल्या सत्तर वर्षांत स्वीडन आणि अमेरिका या दोन देशांनी या प्रश्नाची जवळजवळ परस्परविरुद्ध उत्तरे दिली. त्यांचाच हा इतिहास.

२/ आधी जिवाणूंची ओळख. १८८५ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ यांनी आजारी डुकरांतून एक जिवाणू वेगळा केला. पुढे त्याला ‘साल्मोनेला’ हे नाव मिळाले, ते स्मिथ यांचे वरिष्ठ, पशुवैद्य डॅनियल साल्मन यांच्या आडनावावरून. सामन माशाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. काम एकाचे, नाव दुसऱ्याचे!

३/ दुसरा जिवाणू कॅम्पिलोबॅक्टर. टेओडोर एशरिश यांनी १८८६ मध्येच अर्भकांच्या अतिसारात मळसूत्राच्या आकाराचे जिवाणू पाहिले होते. मात्र प्रयोगशाळेत ते वाढेनात. १९७७ साली ब्रिटनमध्ये मार्टिन स्किरो यांनी ते वाढवण्याची सोपी पद्धत दाखवली आणि अतिसाराचे हे एक नेहमीचे कारण असल्याचे उघड झाले. कोंबडी हा त्याचा प्रमुख स्रोत.

४/ हे दोन्ही जिवाणू कोंबडीच्या आतड्यात राहतात आणि पक्षी बहुधा निरोगीच दिसतो. कत्तलखान्यात गरम पाण्याची टाकी, पिसे उपटणारे यंत्र, आतडी काढणे आणि थंड पाण्याचे सामाईक हौद या प्रत्येक टप्प्यावर एका पक्ष्याची घाण दुसऱ्याच्या कातडीवर जाऊ शकते. डोळ्यांनी केलेल्या तपासणीत यातले काहीच दिसत नाही.

५/ जून १९५३. स्वीडनमधील आल्वेस्टा येथील कत्तलखान्यातून निघालेल्या दूषित मांसामुळे साल्मोनेलाची मोठी साथ पसरली. सुमारे नऊ हजार लोक आजारी पडले आणि नव्वदच्या आसपास दगावले. ते मांस कोंबडीचे नव्हते. परंतु त्या आघाताने देशाचे धोरणच पालटले.

६/ स्वीडनने रोग मुळाशी रोखायचे ठरवले. १९७० मध्ये कोंबड्यांसाठी ऐच्छिक नियंत्रण योजना आली आणि १९८४ पासून कत्तलीपूर्वी तपासणी सक्तीची झाली. साल्मोनेला आढळला की संपूर्ण कळप नष्ट केला जाई. तेथील कळपांत आज हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. १९९५ साली युरोपीय संघात प्रवेश करताना, बाहेरून येणारे मांसही तपासलेले असावे, ही हमी स्वीडनने मिळवली.

७/ अमेरिकेने वेगळी वाट धरली. सरकारी तपासणीचा शिक्का असलेल्या मांसावर साल्मोनेलाचा इशारा नसणे ही दिशाभूल आहे, असा दावा ‘अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशन’ने कृषिमंत्री अर्ल बट्झ यांच्याविरुद्ध लावला. १९७४ साली न्यायालयाने तो फेटाळला. निकालाचा आशय असा, की मांस कसे हाताळावे आणि शिजवावे हे गृहिणींना ठाऊक असते. जबाबदारी चुलीपाशी येऊन थांबली.

८/ १९९३ मध्ये अर्धकच्च्या हॅम्बर्गरमधील ई. कोलाय ओ१५७ मुळे चार मुलांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी खिम्यातील हा जिवाणू सरकारने कायद्याने ‘भेसळ’ ठरवला. कच्च्या कोंबडीतील साल्मोनेलाला मात्र हा नियम लागला नाही. १९९६ च्या नियमांत तर कत्तलखान्यातील वीस टक्के कोंबड्यांत तो आढळला, तरी चालत असे! २०२४ साली अधिक कडक मर्यादांचा प्रस्ताव आला. एप्रिल २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला.

९/ स्वीडनचा मार्गही परिपूर्ण नाही. त्याला पैसा लागतो, शिस्त लागते. आणि कॅम्पिलोबॅक्टर तिथेही पुरता आटोक्यात आलेला नाही. म्हणजे स्वयंपाकघराची जबाबदारी कुठेच संपत नाही.

१०/ आपल्याकडे कोंबडी नळाखाली धुण्याची सवय घरोघरी आहे. धुतल्याने जिवाणू मरत नाहीत; शिंतोड्यांबरोबर ते ओट्यावर, भांड्यांवर, कोशिंबिरीच्या काकडीवर जातात. त्यांना मारते ती उष्णता: मांसाच्या आतपर्यंत सुमारे ७४ अंश सेल्सिअस. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळा ठेवावा, हात साबणाने धुवावेत.

११/ तरीही मूळ प्रश्न उरतोच. घरी काळजी घेणे शहाणपणाचे. पण केवळ तिच्यावर विसंबणे हे धोरण नव्हे. स्वयंपाक करणाऱ्याच्या हातून एखादे दिवशी चूक होणारच. त्या दिवशी घरात आलेल्या कोंबडीत जिवाणू मुळात असावेत की नसावेत, हे मात्र स्वयंपाकघराबाहेर ठरते.