तारामंडळपेठेचे अग्निबाण : कला आणि प्रयोग

आपल्या चिकपेटेपासून हाकेच्या अंतरावर, सिटी मार्केटच्या परिसरात तारामंडळपेठ नावाची जुनी वस्ती आहे. नाव ऐकून आकाशातील नक्षत्रे आठवावीत. परंतु इतिहासकार या नावाचा संबंध हैदरअली व टिपू सुलतान यांच्या काळातील अग्निबाणांच्या कारखान्याशी जोडतात.

अग्निबाण प्रथम शोभेचा की युद्धाचा, हे सांगणे कठीण आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनी भारतातील शोभेच्या दारूच्या इतिहासावर लिहिलेली पुस्तिका १९५३ साली आपल्या बसवनगुडीतच प्रसिद्ध झाली. कोट्याच्या दिवाळीत उडवली जाणारी ‘दारूची लंका’ महादजी शिंदे सवाई माधवरावांपुढे कशी वर्णन करतात, हा पेशव्यांच्या बखरीतील प्रसंग त्यांनी नोंदविला आहे. अशा दारूकामात कोणता बाण केव्हा पेटावा आणि किती उंच जावा, हे कारागिराला हाताच्या अंदाजानेच ठाऊक असे.

म्हैसूरच्या कारागिरांनी या कलेला प्रयोगाची जोड दिली. कागदाची वा बांबूची नळी दारूच्या दाबाने फुटते, म्हणून त्यांनी लोखंडी नळी वापरली. तीत दारू अधिक घट्ट ठासता येई, दाब वाढे आणि बाण अधिक दूर जाई. नळीला बांधलेला लांब बांबू उड्डाणात शेपटीचे काम करी व बाणाचे तोंड दिशेवरून ढळू देत नसे. आज विद्यार्थी पुठ्ठ्याच्या नळीला मागे पंख लावून प्रतिकृती-अग्निबाण बनवतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

१७८० साली पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांच्या दारूगोळ्याच्या गाड्या पेटल्या. त्या या बाणांनीच पेटल्या, असे मानले जाते. मार्च १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने आपली ही पेठ व किल्ला जिंकला. त्या युद्धात मराठी फौजा इंग्रजांच्या बाजूने होत्या, हेही नमूद करणे प्राप्त आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि म्हैसूरचे बाण इंग्लंडला पोहोचले. तेथे विल्यम काँग्रीव्ह याने नळीचा आकार व दारूचे प्रमाण बदलून पुन्हापुन्हा चाचण्या घेतल्या, पल्ला मोजला आणि १८०७ साली आपल्या कामाचा वृत्तान्त छापला. त्यामुळे जगात त्याचे नाव राहिले. आपल्या पेठेतील कारागिरांची नावे मात्र उरली नाहीत. २०१८ साली शिवमोग्गा जिल्ह्यातील नगर येथे एका जुन्या विहिरीत हजाराहून अधिक बाण सापडले, तेव्हा त्यांच्या कौशल्याची साक्ष लोखंडालाच द्यावी लागली.

येथे शाळेचे कार्य सुरू होते. सोनारकाम, शिवणकाम, विणकाम अशा हस्तकौशल्यांत वाढलेल्या मुलांच्या बोटांत कला असतेच. तिला मोजण्याची, लिहून ठेवण्याची आणि चुकलेला प्रयोग पुन्हा करण्याची सवय लावावी लागते. पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर यांनी भारतीय अग्निबाणांच्या घन इंधनाचे काम हाती घेतले ते याच शिस्तीच्या बळावर, आणि ज्या संस्थेसाठी घेतले त्या इस्रोचे मुख्यालय आपल्याच नगरीत आहे. हीरक महोत्सवाच्या या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी मुलांना एकदा तारामंडळपेठेतून फिरवून आणावे. त्यांच्या वहीत त्या दिवशीची चार टिपणे उतरली, तरी एक जुने ऋण थोडे फिटेल.