रूळ उखडले, जागा कुणाची झाली?

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे गेलेली ट्राम ही मुंबईची शेवटची ट्राम. ती खच्चून भरली होती आणि तिला निरोप द्यायला रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी होती. त्या रात्रीविषयी नंतर जे लिहिले गेले त्यात हळहळ भरपूर आहे, पण कारणांची चौकशी फार थोडी. ट्राम म्हातारी झाली होती, शहर पुढे गेले होते, म्हणून ती गेली, एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते. मला हे पटत नाही. वाहन जुने झाले की नवे आणता येते. मुंबईत घोड्यांची ट्राम जाऊन विजेची आलीच होती. १९६४ साली जे संपले ते रस्त्यातल्या एका ठरावीक पट्ट्यावरचा सार्वजनिक वाहनाचा लेखी हक्क. रूळ उखडले गेले, डांबर पडले, आणि ती जागा कुणाला द्यायची हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. जो प्रश्न विचारला जात नाही त्याचे उत्तर ज्याची ताकद जास्त तो देतो. इथे ते मोटारीने दिले.

हा हक्क आला कसा ते पाहिले की तो किती मोलाचा होता हे कळते. मुंबईत ट्राम चालवण्याचा परवाना १८६५ सालीच एका अमेरिकन कंपनीला मिळाला होता. पण त्याच वर्षी अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, मुंबईतल्या शेअरबाजाराचा फुगा फुटला आणि तो परवाना कागदावरच राहिला. पुढे १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली आणि ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम धावू लागली. मार्ग दोन: कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणी, आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी. सार्वजनिक रस्त्यात लोखंड पुरायचे म्हणजे सरकारची परवानगी, कायदा, मुदत, अटी, सगळे आले. विलायतेत १८७० च्या ट्रामवे कायद्याने कंपनीवर अशी जबाबदारी टाकली होती की रुळांमधला आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट रस्ता तिने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त ठेवायचा. म्हणजे ट्राम आपली वाट वापरायची किंमत मोजत होती, आणि त्याच फरसबंदीवरून इतरांच्या बग्ग्या फुकटात खडखडत जात होत्या. मोटारीला अशी अट कुठल्याच देशाने घातली नाही. ती कर भरते हे खरे, पण रस्त्याचा अमुक तुकडा तुझा, त्याची डागडुजी तू कर, असे तिला कुणी सांगितले नाही.

मुंबईत या हक्काची किंमत रुपयांतही नोंदलेली आहे. ७ ऑगस्ट १९०५ रोजी झालेल्या करारानुसार बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीला, म्हणजे आजच्या बेस्टच्या पूर्वजाला, शहराला वीज पुरवण्याचा आणि विजेची ट्राम चालवण्याचा एकाधिकार मिळाला. जुन्या कंपनीची मालमत्ता तिने ९८ लाख ५० हजार रुपयांना घेतली. ७ मे १९०७ रोजी पहिली विजेची ट्राम महापालिकेच्या इमारतीपासून क्रॉफर्ड मार्केटला गेली. करारात महापालिकेने हा सगळा उद्योग पुढे विकत घेण्याचा पर्याय राखून ठेवला होता. तो तिने वापरला ७ ऑगस्ट १९४७ रोजी, करारानंतर दिवसाला दिवस मोजून बेचाळीस वर्षांनी. स्वातंत्र्याच्या आदल्या आठवड्यातली ही तारीख पाहून अनेकांना त्यात राष्ट्रभावना दिसते. प्रत्यक्षात हे एका जुन्या दस्तऐवजातल्या कलमाचे पालन होते, आणि म्हणूनच ते महत्त्वाचे आहे. रस्त्यावर सार्वजनिक वाहनाला जागा देणे ही त्या काळी करार करून, सह्या करून, मुदत घालून करण्याची गोष्ट होती.

या जागेवरून जात कोण होते? सुरुवातीला कुलाबा ते पायधुणी तीन आणे पडत आणि तिकीट असे काही नव्हते. भाडे लवकरच दोन आण्यांवर आले, आणि १८९९ मध्ये अंतर कितीही असो, एक आणा असा दर झाला. ट्राम गरिबाची झाली ती तेव्हा. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस सुटली तेव्हा तिच्यात बसला तो मुख्यतः मध्यमवर्ग. कष्टकऱ्यांची ट्राम, नोकरदारांची बस, अशी विभागणी बराच काळ टिकून होती. ट्रामवरच्या गर्दीला तोंड देण्यासाठी १९२० मध्येच दुमजली ट्राम आणावी लागली होती, दुमजली बस यायला १९३७ उजाडले. एवढ्यावरून एक गोष्ट उघड होते. १९५३ पासून जेव्हा ट्रामचे मार्ग एकामागून एक बंद होऊ लागले, तेव्हा मागे सारले जात होते ते शहरातले सर्वांत स्वस्त वाहन.

आता ट्रामविरुद्धचे आक्षेप. ते पोकळ नाहीत. ट्राम रुळावरून हलू शकत नाही. पुढे एखादी हातगाडी अडकली की मागे चार ट्राम खोळंबतात. उतारू रस्त्याच्या मधोमध उतरतो आणि धावत्या गाड्यांतून वाट काढत फुटपाथ गाठतो. शिवाय शहर उत्तरेकडे सरकत होते. १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये महापालिकेची हद्द वाढून मुलुंड-दहिसरपर्यंत गेली, तर ट्राम किंग्ज सर्कलच्या पुढे कधी गेलीच नाही. उपनगरांत रूळ टाकायला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्नही खरा होता. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, पण तो ट्राम वाढवण्याविरुद्धचा आहे. आहे ती काढण्याविरुद्ध किंवा बाजूने तो काहीच सांगत नाही. लालबाग, परळ, भायखळा, गिरगाव हे भाग काही दहिसरला गेले नव्हते. पहिल्या दोन आक्षेपांचे म्हणाल तर ते ट्रामपेक्षा रस्त्याच्या व्यवस्थेवरचे आहेत. ट्राम मंद होती कारण तिच्या रुळांवर बाकी सगळे येऊन उभे राहत होते. युरोपात नांतने १९८५ मध्ये आणि स्ट्रासबर्गने १९९४ मध्ये ट्राम नव्याने आणली तेव्हा रुळांची पट्टी इतर वाहनांपासून वेगळी केली, थांब्याला फलाट दिला, आणि तीच जुनी युक्ती वेगवान ठरली. मुंबईचे रस्ते अरुंद, तिथे हे कसे जमणार, असे कुणी म्हणेल. पण अरुंद रस्त्याला तर जास्त माणसे कमी जागेत नेणारे वाहन अधिक हवे. अरुंदपणाचा दाखला ट्रामविरुद्ध दिला जातो आणि मोटारीविरुद्ध दिला जात नाही, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

१९६४ साली मुंबईत मोटारी होत्या तरी किती? नवी गाडी मिळवायची तर नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, अशी तेव्हाची परमिटराजची स्थिती. मारुती यायला अजून एकोणीस वर्षे होती. मग मोटारीसाठी रस्ता मोकळा केला असे म्हणणे ओढूनताणून आहे का? रस्त्यावर गोदीतून आणि गिरण्यांतून येणारे ट्रक होते, टॅक्सी होत्या, खुद्द बेस्टच्या बसगाड्या होत्या. त्यांनाही ट्रामचा अडथळा होत असे, हे मान्यच करायला हवे. तरीही रस्त्याचा हिशेब कोणत्या मापाने होऊ लागला हे त्याच सुमाराच्या कागदांतून दिसते. साठीच्या दशकाच्या आरंभी विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार कंपनीने मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास केला आणि द्रुतगती मार्गांची, उड्डाणपुलांची शिफारस केली. शेवटच्या ट्रामनंतर जेमतेम वर्षभराने, एप्रिल १९६५ मध्ये केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल खुला झाला. या पद्धतीत ताशी किती वाहने सरकली हे मोजतात. दोनमजली बसमधली माणसे आणि मोटारीतला एकटा मालक या मोजणीत जवळजवळ सारखेच भरतात. मोटारी थोड्या असताना हे माप रुजले, आणि मोटारी वाढल्या तेव्हा ते त्यांच्यासाठी तयारच होते.

त्या मापाची फळे पुढच्या पिढीने पाहिली. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात राज्याने मुंबईत पंचावन्न उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये जे. जे. रुग्णालयाजवळचा सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा पूल झाला. तो मोहम्मद अली रस्त्यावरून, पायधुणीच्या डोक्यावरून जातो, म्हणजे १८७४ च्या दोन्ही ट्रामचा जिथे शेवट होई तिथून. पुलावर दुचाकीला बंदी आहे. बसला मात्र थांबे खालीच असल्याने खालूनच जावे लागते. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला. तिथेही दुचाकी, रिक्षा, पादचारी यांना मज्जाव. मुंबई महानगर प्रदेशाच्या २००८ च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात चालत केलेले प्रवास वगळले तर तीन चतुर्थांशांहून अधिक प्रवास लोकल आणि बसने होत होते. ज्या शहरात बहुसंख्येची चाल अशी, तिथे सर्वांत महागडे रस्ते उरलेल्यांसाठी बांधले गेले. एकेका पुलाचे समर्थन करता येईल, काही पुलांची गरजही होती. पण सगळे पूल एकाच दिशेने झुकतात तेव्हा त्याला योगायोग म्हणणे अवघड जाते.

ट्राम गेली पण तिची जागा बसने घेतली, असे उत्तर येईल. बसने ट्रामचे उतारू घेतले. जागा तिला मिळाली नाही. रुळांचा पट्टा बससाठी राखीव झाला असता तर हा लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते. जून १९६२ मध्ये गोवालिया टँक ते माझगाव गोदी अशी ट्रॉलीबस सुरू झाली, तारांखालून पण रुळांविना धावणारी. तीही मार्च १९७१ मध्ये गुंडाळली गेली. त्यानंतर बस रस्त्यावरच्या इतर गाड्यांच्या बरोबरीने उभी राहिली, म्हणजे कोंडीत पन्नास माणसे घेऊन एका मोटारीच्या मागे. बस जितकी रेंगाळते तितक्या तिच्या फेऱ्या कमी होतात, फेऱ्या कमी की उत्पन्न कमी, आणि मग तीच तोट्यात आहे असे म्हणायला सगळे मोकळे. बेस्टचा हा तोटा अनेक वर्षे वीज विभागाच्या नफ्यातून भरला जाई; १९०५ च्या करारात वीज आणि ट्राम एकाच दोरीला बांधली गेली होती त्याचा हा लाभ. गेल्या दशकात वीज नियामकांनी विजेच्या ग्राहकाकडून बसचा तोटा वसूल करण्याला आळा घातला आणि बस उघडी पडली. २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपये केले, उतारू परतले; मे २०२५ मध्ये तेच भाडे दहा रुपयांवर गेले. दरम्यान बेस्टच्या मालकीच्या गाड्या झपाट्याने कमी होऊन भाड्याच्या गाड्यांवर भिस्त आली. बसने रस्त्याचे भाडे फार पूर्वीपासून वेळेत मोजले आहे, पण ताळेबंदात त्या खर्चाला रकाना नाही.

लोकल आहे तर ट्रामची एवढी काय खंत, असाही एक प्रश्न असतो. लोकल उत्तर-दक्षिण नेते आणि लांब नेते. बाजारातून घरी, गिरणीतून चाळीत, मशीद बंदरहून गिरगावात असा मैल-दीड मैलाचा आडवा-तिडवा प्रवास हे ट्रामचे काम होते, आणि ते काम कुणीतरी करायला हवेच होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोचा शेवटचा टप्पा कफ परेडपर्यंत खुला झाला. साडेतेहतीस किलोमीटरच्या या मार्गाचा खर्च सदतीस हजार कोटींच्या वर गेला, आणि त्यावर गिरगाव आणि काळबादेवी ही स्थानके आहेत. काळबादेवीच्या रस्त्यावरून सामूहिक वाहन नेणे १८७४ साली शक्य होते. आज त्यासाठी खोल भुयार खणावे लागले, कारण वरची जागा सुटायला तयार नाही. मेट्रोची क्षमता ट्रामच्या कितीतरी पट आहे आणि तिचे स्वागतच करायला हवे. परंतु तिच्या खर्चातला काही भाग हा जमिनीवरचा वाद टाळण्याची किंमत आहे.

तो वाद मुंबईबाहेर, पुण्यात, प्रत्यक्ष झाला. २००६ च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली, म्हणजे रुळांविना बसची राखीव पट्टी. ती अर्धवट बांधली गेली, मध्येच तुटत होती, बसगाड्या अपुऱ्या होत्या. दोष पुष्कळ दाखवता येतात. पण तिच्याविरुद्ध सर्वांत जास्त ऐकू आलेली तक्रार वेगळी होती: बाजूला एवढी कोंडी आणि ही पट्टी रिकामी. दोन-तीन मिनिटांनी एक बस जाते आणि बाजूच्या मार्गिकेतल्या त्या वेळातल्या मोटारींहून जास्त माणसे घेऊन जाते, हे डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो मधला मोकळा रस्ता. अलीकडे नगर रस्त्यावरची बीआरटी उखडून ती पट्टी सर्व वाहनांना खुली केली गेली. ट्रामचे रूळ रस्त्यात पुरलेले होते, म्हणून ते काढायला मुंबईला अकरा वर्षे लागली. पुण्यातले कठडे काढायला तेवढीही वाट पाहावी लागली नाही.